चावी काढली तरी इंजिन चालूच

पत्र : आमच्याकडे 1983 ची मर्सिडीज 300डी आहे. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, गिअर ऑटोमॅटिक. काकांनी हौसेनं सांभाळलेली. ते गेल्यावर माझ्याकडे आली. गेल्या चार-सहा महिन्यांत गिअर पडताना धक्का बसायला लागला आहे. पडतो वेळेवरच, पण मागून कुणी लाथ घातल्यासारखा. कर्वे रोडच्या गर्दीत सगळ्यात वाईट. बायपासला दाबून चालवली की मात्र काही जाणवत नाही. दुसरं म्हणजे चावी फिरवून बाहेर काढली तरी इंजिन चार-पाच सेकंद धडधडत राहतं, मग हिसका देऊन बंद पडतं. सेंट्रल लॉक तर कधीचं अर्धवट आहे, मागचा डावा दरवाजा हातानेच लावतो. ब्रेक ठीक वाटतात. एका गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायला सांगितलं, अंदाज दीड लाखाचा. दुसऱ्यांनी गाडीखाली जाऊन कसलासा स्क्रू फिरवला, दोन दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. गिअरबॉक्स खोलू का? की गाडी विकूनच टाकू?
— एक वाचक, एरंडवणे

उत्तर : नमस्कार. गिअरबॉक्स खोलू नका. निदान अजून तरी नाही.

तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत, पण मला त्या एकच वाटतात. गिअरचा धक्का, बंद न होणारं इंजिन, अर्धवट सेंट्रल लॉक आणि 'ब्रेक ठीक वाटतात' हे वाक्य (त्याकडे नंतर येतो), हे सगळं तुमच्या गाडीत एकाच गोष्टीवर चालतं. ती म्हणजे व्हॅक्यूम, हवा ओढून घेतल्यावर नळीत तयार होणारी पोकळी.

पेट्रोल गाडीत इंजिन हवा ओढतं आणि थ्रॉटलची झडप ती अडवते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. तुमच्या डिझेलला ती झडपच नाही. हवा मोकळी आत जाते, वेग ठरतो तो डिझेल किती सोडलं त्यावर. म्हणून व्हॅक्यूमसाठी इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा पंप बसवलेला असतो. आपल्याकडच्या इंडिका किंवा सुमोतही हा पंप असतो, अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. पण तिथे तो मुख्यतः ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डबीसाठी. त्यामुळे आपल्या बहुतेक फिटरांच्या डोक्यात व्हॅक्यूम म्हणजे ब्रेक, एवढंच समीकरण पक्कं असतं. यात त्यांचा दोष नाही. तुमची गाडी ज्या मालिकेतली, तिचं उत्पादन 1986 साली थांबलं आणि मर्सिडीज पिंपरीत जुळायला लागली 1995 मध्ये, तीही पुढची पिढी. तुमची गाडी पुण्यात कुणी रोज हाताळलेली नाही.

या गाडीत पंपापासून एक जाड नळी ब्रेक बूस्टरला जाते आणि त्या नळीवरून बारीक फाटे फुटतात. एक फाटा चावीच्या मागच्या वाल्वमधून इंजेक्शन पंपावरच्या (हा वेगळा, सिलिंडरांना डिझेल देणारा पंप) शट-ऑफला जातो. चावी बंद केली की व्हॅक्यूम तिथे पोहोचतो, डिझेलचा दांडा ओढला जातो आणि इंजिन थांबतं. दुसरा दरवाज्यांच्या लॉककडे. तिसरा गिअरबॉक्सकडे. गाडीला मूळ एअर कंडिशनर असेल तर चौथा डॅशबोर्डच्या आतल्या झडपांकडे. शहाळ्यातल्या स्ट्रॉला मध्येच चीर गेली तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. फाटा कुठलाही गळू लागो, त्याचा ताण सगळ्यांवर येतो. मागचा डावा दरवाजा तुम्ही कित्येक महिने हाताने लावताय. कदाचित तिथूनच सगळं सुरू झालं असेल.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. दाबून चालवली की काही जाणवत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण निम्मं निदान त्यातच आहे.

गिअरबॉक्सला कळायला हवं की इंजिन सध्या किती जोर लावतंय. तुम्ही हलक्या पायाने चालवत असाल तर गिअर मऊ पडावा, पूर्ण दाबलं असेल तर घट्ट पकडून पडावा, नाहीतर आतल्या क्लच प्लेट घसरून जळतील. ही बातमी व्हॅक्यूम पोहोचवतो. इंजेक्शन पंपावर एक कंट्रोल वाल्व असतो, अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याला जोडलेला. पाय हलका असताना तो गिअरबॉक्सकडे भरपूर व्हॅक्यूम सोडतो, जसजसा पाय दाबाल तसतसा कमी करत जातो आणि पूर्ण दाबल्यावर शून्यावर आणतो. गिअरबॉक्सच्या बाजूला मॉड्युलेटर नावाची डबी असते, तिच्यातला डायफ्राम (रबरी पडदा) ही बातमी वाचून आतला तेलाचा दाब ठरवतो. व्हॅक्यूम जास्त तर दाब कमी, गिअर मऊ. व्हॅक्यूम नाही तर दाब पूर्ण, गिअर ठोक्याने.

म्हणजे गळती असेल तर गिअरबॉक्सला सतत वाटत राहतं की मालकांनी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवलाय. नळस्टॉपला सिग्नल सुटल्यावर तुम्ही हळू निघालात तरी तो ताम्हिणी चढतोय अशा आवेशात गिअर टाकणार. बायपासला मात्र तुम्ही खरोखरच दाबलेलं असतं, व्हॅक्यूम तसाही शून्याजवळ असायला हवा, त्यामुळे गळती असली काय नसली काय, फरक पडत नाही. आतल्या प्लेट गेलेल्या असत्या तर उलट झालं असतं: जोर लावला की गिअर घसरला असता, इंजिन ओरडलं असतं आणि गाडी पुढे सरकली नसती. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

'गिअर पडतो वेळेवरच' हेही महत्त्वाचं. ढोबळ हिशेब असा ठेवा: गिअर कसा पडतो ते व्हॅक्यूम ठरवतो, कधी पडतो ते अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी केबल ठरवते (काही जुन्या गाड्यांत केबलऐवजी दांडा असतो). दोन्ही एकमेकांत थोडे मिसळतात, पण सुरुवात कुठून करायची ते कळायला एवढं पुरतं. तुमची केबल सध्या तशीच राहू द्या.

आधी ब्रेक. बाकी काहीही करण्यापूर्वी हे करा. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं तर ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. हललंच नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका. कात्रजचा घाट उतरताना बूस्टर नसल्याचं कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं. खाली जाऊन मग पायाला टेकून राहण्याऐवजी हळूहळू आणखी बुडत गेलं, तर ते व्हॅक्यूमचं नाही, मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर टाकणाऱ्या भागाचं) दुखणं. आणि पुढच्या चाचण्यांत बूस्टरची जाड नळी बंद करून गाडी चालवायची नाही, अगदी सोसायटीच्या आवारातसुद्धा.

मग एक वस्तू विकत घ्या: हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप, गेजसकट. ऑनलाइन मिळतो, नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांतही विचारा. दीड लाखापुढे त्याची किंमत चिल्लर आहे. सोबत एक टी-जोड आणि फाटे बंद करायला दोन-चार लहान रबरी टोप्या लागतील. नळीच्या जाडीचा बोथट बोल्टही चालतो.

गेज वाचताना एक पुणेरी दुरुस्ती. या गेजवर पाऱ्याचे इंच असतात आणि परदेशी पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. तिथे पूर्ण निर्वात म्हणजे जवळजवळ 30 इंच. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे कमाल मर्यादा 28 च्या आसपास येते. म्हणजे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा गेज इथे दोनेक इंच कमी दाखवणारच. महाबळेश्वरला चाचणी केलीत तर चारहून जास्त. तेवढ्यासाठी चांगला पंप बदलू नका.

चाचणी पंपापासून सुरू करा. इंजिन गरम, गिअर पी मध्ये, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना विटा. पुढच्या पंख्यापासून बाह्या आणि मफलर दूर. जाड नळीवरचे सगळे बारीक फाटे काढून त्यांची तोंडं बंद करा आणि एका तोंडावर गेज लावा. इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना काटा काही सेकंदांत 20 च्या वर जाऊन स्थिर राहिला पाहिजे. राहिला तर पंप, बूस्टर आणि त्याची नळी यांवर संशय नाही. रेंगाळला तर दोष याच तिघांत. पंपातून टकटक किंवा खरखर येत असेल तर मात्र काटा कितीही वर जाऊ दे, पंप काढून बघा. त्याचं बेअरिंग फुटलं की तुकडे टायमिंगच्या भागात जाऊ शकतात आणि मग दीड लाखाचा अंदाज स्वस्त वाटायला लागतो.

आता एकेक फाटा परत जोडत जा. ज्या जोडणीला काटा धपकन पडेल आणि वर येणार नाही, तो गळका. तुमच्या बाबतीत माझी पैज दरवाज्यांच्या फाट्यावर आहे. फक्त तो एक बंद ठेवून दोन दिवस गाडी वापरून बघा. लॉक चालणार नाही, पण चावी काढताच इंजिन थांबायला लागलं आणि कर्वे रोडवरची लाथ मऊ झाली, तर चोर सापडला. मग डिकीतली व्हॅक्यूमची टाकी आणि दरवाज्यांतले डायफ्राम हातपंपाने एकेक तपासा. व्हॅक्यूम भरून मिनिटभर थांबायचं, काटा जागचा हलता कामा नये. मागचा डावा पहिला घ्या, हे सांगायला नकोच. दाराच्या बिजागरीपाशी नळी रोज वाकते, तिथेही बोट फिरवा.

शट-ऑफचा फाटा स्वतंत्र तपासायचा. इंजिन चालू ठेवून इंजेक्शन पंपावरच्या शट-ऑफला थेट हातपंप लावा आणि दाबा. इंजिन लगेच थांबलं आणि काटा टिकून राहिला तर तो भाग निर्दोष. गळती चावीमागच्या वाल्वमध्ये किंवा मधल्या नळीत. नळी काढल्यावर आतून काळं इंजिन ऑइल निघालं तर शट-ऑफचा डायफ्राम फाटलाय. तो लगेच बदला, कारण ते तेल नळ्यांतून पुढे सरकत बाकीचं रबर खराब करतं. दरम्यान इंजिन अडूनच बसलं तर बॉनेटखाली इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेला छोटा दांडा आहे, तो खाली दाबा. चौथा गिअर टाकून इंजिन बंद पाडायची युक्ती ऑटोमॅटिकमध्ये चालत नाही, एवढं घरातल्या इतर चालवणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

राहिला गिअरबॉक्सचा फाटा. गाडीखाली जावं लागेल, तेव्हा नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. मॉड्युलेटरची नळी काढून आत कापसाची काडी घाला. लाल तेल लागलं तर डायफ्राम फाटलाय, पुढची चाचणी करायचीही गरज नाही. असं झालं की व्हॅक्यूम पंप गिअरबॉक्सचं तेल नळीतून ओढून इंजिनात टाकत राहतो. गाडीखाली एक थेंब सांडत नाही आणि गिअर ऑइल मात्र कमी होत जातं. लोक सील बदलून बदलून थकतात. काडी कोरडी निघाली तर हातपंपाने 15 इंच भरा आणि दोन मिनिटं बघा. टिकला तर मॉड्युलेटर ठीक.

मग त्याच नळीत टी-जोडाने गेज लावा, इंजिन चालू करा आणि कुणाला तरी बॉनेटपाशी उभं करून अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने हळूहळू ओढायला सांगा. आयडलला काटा 10 च्या बराच वर असावा (नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, दुरुस्तीच्या पुस्तकात आहे) आणि दांडा ओढत नेताना तो शून्याकडे सरळ उतरत यावा. मध्ये अडखळला, एकदम पडला किंवा हललाच नाही, तर दोष कंट्रोल वाल्वमध्ये. आयडललाच काटा मरगळलेला असेल आणि बाकी सगळं टिकत असेल, तर जाड नळीवरून हा फाटा निघतो तिथलं बारीक छिद्र बघा. ते मुद्दाम सुईएवढं ठेवलेलं असतं आणि चाळीस वर्षांच्या धुळीने बुजतं. कॉम्प्रेसरच्या हवेने साफ होतं. तार घालून मोठं करू नका.

नळ्यांबद्दल थोडं रागावून लिहितो. या गाडीच्या मूळ नळ्या कडक प्लॅस्टिकच्या असतात आणि सांध्यांवर रबरी कोपरे असतात. प्लॅस्टिक सहसा टिकतं, रबर बॉनेटखालच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं. आपल्याकडे त्या जागी सलाइनची नळी किंवा मासे पाळायच्या टाकीची पारदर्शक नळी ठोकून देण्याची पद्धत आहे. थंड असताना ती झकास बसते. इंजिन तापलं की मऊ होऊन आतल्या आत चिकटते आणि व्हॅक्यूम पुढे जातच नाही. गळती शोधणाऱ्याला गळती सापडत नाही आणि दोष तसाच राहतो. तुमच्या गाडीत अशी एक जरी नळी दिसली तरी काढून टाका. योग्य मापाचे रबरी कोपरे मागवा. या मालिकेच्या जगभरात सुमारे 27 लाख गाड्या बनल्या, त्यामुळे असे बारीक भाग अजून तयार होतात.

त्या 'कसल्याशा स्क्रू'चं सांगायचं राहिलं. मॉड्युलेटरवर रबरी टोपीखाली दाब कमी-जास्त करायची खुंटी असते, बहुधा तीच फिरवली गेली. व्हॅक्यूम येत नसताना दाब कमी केला तर धक्का तात्पुरता मऊ वाटतो. पण गळती बंद केल्यावर खरा व्हॅक्यूम येईल आणि मग दाब गरजेपेक्षाही खाली जाईल. त्या अवस्थेत गिअर घसरत पडतात, दोन गिअरच्या मध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि प्लेट जळतात. धक्का सहन होतो, घसरणं गिअरबॉक्सला सोसत नाही. त्यामुळे गळती काढल्यावर पहिल्याच फेरीला कान देऊन ऐका, घसरल्यासारखं वाटलं तर जास्त न चालवता दाब गेजवर लावून घ्या. खुंटी किती फिरवली होती ते त्या मेकॅनिकना आजच विचारून ठेवा, पुढच्या महिन्यात ते विसरलेले असतील.

गिअरबॉक्सचं तेलही बघा. पातळी तापलेल्या तेलावर, वीसेक मिनिटं चालवून आल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू आणि गिअर पी मध्ये असताना. धागे न सुटणाऱ्या फडक्याने तेल मोजायची काडी पुसा. किमान आणि कमाल खुणांमध्ये फरक फक्त 0.3 लिटरचा असतो, तेव्हा डब्याने ओतू नका. तेल लालसर असेल तर छान. काळं असेल आणि जळका वास असेल तर तेल आणि फिल्टर बदला. या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरलाही (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला) ड्रेन प्लग आहे, तिथूनही काढायला लावा, नाहीतर बरंचसं जुनं तेल आतच राहतं. खालच्या पॅनमध्ये चमकणारे धातूचे कण किंवा प्लेटचा काळा भुगा दिसला, तर पहिल्या गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं आणि मग ओव्हरहॉलच्या गोष्टी करू.

इंजिन माउंट, गिअरबॉक्सचं माउंट आणि प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी कपलिंगवरही नजर टाका. यांतलं काही तुटलं असेल तर पी वरून डी मध्ये टाकतानाच 'ठक्' वाजतं. आयडल चढवून ठेवलं असेल तरी तसंच होतं.

विकायचं म्हणाल तर तो निर्णय धक्क्यावरून घेऊ नका. दहा वर्षांच्या डिझेलवरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे. आपल्याकडे 15 वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते, पर्यावरण कर भरून. आणि धक्का देणारी, चावीला न जुमानणारी ऑटोमॅटिक बाजारात नेलीत तर घेणाराही 'गिअरबॉक्स गेलाय' म्हणूनच भाव पाडणार. एक-दोन रविवार आणि मूठभर रबरी कोपरे एवढ्यात जो दोष निघू शकतो, त्याची किंमत दुसऱ्याला का द्यायची?

हे सगळं झाल्यावर मला तीन आकडे कळवा: सगळे फाटे बंद असताना पंपाचा, मॉड्युलेटरच्या नळीवरचा आयडलचा, आणि दांडा पूर्ण ओढल्यावरचा. मागचा डावा दरवाजा निघाला का तेही लिहा.